पहिल्या सत्राची हजेरी

इंजिनीअरिंग कॉलेजात गणिताच्या शिक्षकाला स्वतःची अशी मुलं नसतात. कॉम्प्युटरची, मेकॅनिकलची, सिव्हिलची, सगळी मुलं वर्षभर आमच्याकडे असतात आणि मग आपापल्या विभागात निघून जातात. पुढच्या तीन वर्षांत जिन्यात गाठ पडली तर ‘गुड मॉर्निंग मॅम’, तेही ओळख राहिली असेल तर. शेवटच्या वर्षाला शिकवणाऱ्यांच्या वाट्याला प्रोजेक्ट, प्लेसमेंट आणि निरोपसमारंभातले फोटो येतात. आमच्या वाट्याला येतं ते पहिलं सत्र. मूल टिकणार की कोसळणार, हे बऱ्याच अंशी त्या चार-पाच महिन्यांत ठरतं आणि आमच्या डोळ्यांदेखत ठरतं.

पुण्याकडच्या कॉलेजांत जीएफएम नावाची एक व्यवस्था आहे, गार्डियन फॅकल्टी मेंबर. वीस-पंचवीस मुलं एका शिक्षकाच्या नावावर लावून दिलेली असतात. त्यांची हजेरी, गुण, आईवडिलांचा व्यवसाय, राहण्याचा पत्ता, पालकांचा फोन नंबर हे सगळं एका फाइलीत ठेवायचं. नॅकची किंवा एनबीएची समिती यायची असली की ही फाइल एकदम देखणी होते. एरवी तिचा उपयोग एकच, हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की त्या नंबरवर फोन लावायचा. या फोनांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅमने शिकवलं नाही.

फोन बहुतेक वेळा वडील उचलतात. मागे ट्रॅक्टरचा नाहीतर दुकानातल्या गिऱ्हाइकांचा आवाज. ‘मॅडम, काहीतरी घोळ असेल. तो तर रोज साडेसातला रूमवरून निघतो. आत्ताच बोलणं झालं.’ आणि यात खोटं काहीच नसतं. मुलगा साडेसातला खरोखरच निघतो, फक्त कॉलेजात पोचत नाही. एक जण पीएमपीचा पास काढून दिवसभर बसमधून फिरायचा. कात्रजला चढला की निगडीला उतरायचा, तिथून परत कात्रज. एक जण पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीवाल्यांच्या घोळक्यात बसायचा. पुढ्यात त्याने पुस्तक आमच्याच विषयाचं उघडलेलं असायचं, पान मात्र उलटलेलं नसायचं.

स्टाफरूममध्ये याचं निदान ठरलेलं आहे. पोरं मोकाट सुटलीत, घरचा धाक नाही, हातात मोबाइल. मला ते पटत नाही. पहिल्या सत्रातली गैरहजेरी आळसाची क्वचित असते, बहुतेक वेळा ती लाजेची असते. आळशी मुलं उलट नियमाने वर्गात येतात, शेवटच्या बाकावर डोकं टेकतात, हजेरी देतात आणि पुढे पासही होतात. येत नाहीत ती, ज्यांना काल काही कळलेलं नसतं आणि आजही कळणार नाही याची खात्री झालेली असते. शेजारच्याला ते समजलंय असं त्यांना वाटतं. शेजारच्यालाही समजलेलं नसतं, पण तो मान डोलावत असतो.

यातले बरेचजण आपल्या तालुक्याचे पहिले नाहीतर दुसरे आलेले असतात. बारावीचा निकाल लागला तेव्हा चौकात त्यांचा फ्लेक्स लागलेला असतो, क्लासच्या जाहिरातीत फोटो छापून आलेला असतो, आमदारांच्या हस्ते सत्कार झालेला असतो. अशा मुलाला ‘मला समजलं नाही’ हे वाक्य म्हणायची वेळच आयुष्यात आलेली नसते. घरीही म्हणता येत नाही. शेताचा तुकडा गहाण ठेवून किंवा सोसायटीचं कर्ज काढून पाठवलेलं असतं, तिथे कुठल्या तोंडाने सांगणार?

आता ही मुलं खरंच कच्ची असतात का? तसंही नाही. त्यांना ज्या खेळासाठी घडवलेलं असतं तो खेळच वेगळा. सीईटीच्या गणितात पन्नास प्रश्न, प्रत्येकाला 2 गुण, वेळ 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे काही सुचलं नाही तरी एखाद्या पर्यायावर क्लिक करून पुढे जायचं. दोन वर्षं हेच. त्यात ‘इंटिग्रेटेड’ची रीत, म्हणजे नाव एका ज्युनिअर कॉलेजच्या पटावर, मूल सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये. कॉलेजचा वर्ग, तिथला तास, तास संपल्यावर सरांना व्हरांड्यात गाठून शंका विचारणं, यातलं काहीच त्याने पाहिलेलं नसतं. आणि मग आमच्याकडे सहा गुणांचं एक उदाहरण येतं, ज्याला पर्याय नाहीत. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, उत्तर बरोबर असून पायऱ्या नसल्या तर मात्र हाती फारसं लागत नाही. हा हिशेब मुलांच्या पचनी पडायला फार वेळ लागतो. सीईटीत एकही प्रश्न न सोडणारी मुलं इनसेमच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेच्या, पेपरात पानंच्या पानं कोरी ठेवतात. पूर्ण येत असेल तरच लिहायचं, नाहीतर हात लावायचा नाही. अर्धवट लिहिलेलं परीक्षकाला दिसेल याचीच त्यांना लाज वाटते.

परभणीकडचा एक मुलगा माझ्या ट्युटोरियलला होता. मॅट्रिक्सचा धडा चालू होता, फळ्यावर तीन समीकरणं दिली होती.

x + y + z = 6
2x − y + z = 3
x + 2y − z = 2

मी पाठमोरी असतानाच त्याने उत्तर लिहून वही मिटली. 1, 2, 3. बरोबर होतं. आकडे घालून पाहिले होते, क्लासमध्ये शिकवतात तसे. मी म्हटलं, आता पायऱ्या लिही. तो कागदाकडे बघत राहिला. मग त्याने मॅट्रिक्स मांडली, दुसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीची दुप्पट वजा केली, तिसरीतून पहिली वजा केली, सगळं रीतसर. शेवटी उत्तर आलं x = 25, y = −14, z = −5. खरं उत्तर त्याला ठाऊक होतं, त्यामुळे हे दिसताच तो कानापर्यंत लाल झाला आणि पान फाडायला निघाला. मी वहीवर हात ठेवला. म्हटलं, फाडू नकोस, हे आकडे तिन्ही समीकरणांत घालून बघ. पहिल्यात घातले, 25 − 14 − 5, सहा आले. तिसऱ्यात घातले, 25 − 28 + 5, दोन आले. दुसऱ्यात आले 59, यायला हवे होते 3. तो थांबला. मग आपणहून दुसऱ्या ओळीकडे गेला. उणे एकातून दोन वजा करताना त्याने उणे तीनऐवजी एक लिहिला होता. बस, एवढंच. ‘म्हणजे मॅम, बाकीचं सगळं बरोबर होतं?’ हे त्याने इतक्या मोठ्याने विचारलं की शेजारच्या बाकावरची मुलं वळून बघायला लागली.

तो पुढे गणितात फार चमकला वगैरे नाही. सत्राच्या शेवटी बेतास बात गुण मिळाले. पण तासाला यायला लागला. चूक म्हणजे आपण सबंध चुकीचे असं नसतं, ती एका ठरावीक ओळीत असते आणि ती ओळ सापडते, हे त्याने एकदा स्वतःच्या हाताने केलेलं होतं. तेव्हापासून मी ट्युटोरियलच्या तासाला खोडरबर बंद केलं. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारा आणि खाली पुन्हा लिहा. वह्या गलिच्छ दिसतात. समिती आली की मी त्या कपाटात ठेवते.

नवीन मुलांना रुळायला मदत व्हावी म्हणून एआयसीटीईने तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला, यूजीसीचा ‘दीक्षारंभ’ही 2019 मध्ये आला. कल्पना चांगलीच आहे. आमच्याकडे तिचं रूपांतर बऱ्याच अंशी सभागृहातल्या भाषणांत झालं. माजी विद्यार्थी, उद्योजक, एखादे योगशिक्षक, एखादे पोलीस अधिकारी. मुलं टाळ्या वाजवतात, मागे बसून रील्स बघतात. त्यापेक्षा ग्रंथालयात पुस्तकं कोणत्या कार्डावर मिळतात, महाडीबीटीचा अर्ज अडकला तर कोणत्या खिडकीवर जायचं, बोनाफाइड मागताना अर्जात काय लिहायचं, हे दाखवणारी अर्ध्या दिवसाची फेरी जास्त कामाला येते. पण खरी गोम वेगळीच आहे. सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्या लांबत जातात. पहिल्या फेरीतली मुलं वर्गात येऊन बसतात, शिकवणं सुरू होतं, आणि शेवटच्या फेरीतली, संस्थास्तरावरची मुलं काही आठवड्यांनी उगवतात. जात पडताळणीसाठी किंवा नॉन-क्रिमिलेअरसाठी हेलपाटे मारून दमलेली, चांगल्या कॉलेजची वाट बघत थांबलेली, पैशांची जुळवाजुळव करत राहिलेली मुलं ही. इंडक्शनची खरी गरज यांनाच, आणि ती आत पाऊल टाकतात तेव्हा इंडक्शन संपलेलं असतं, एक युनिट झालेलं असतं, वर्गात जोड्या जमलेल्या असतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर हजारभर मेसेज पडलेले असतात. माझ्या फाइलीतली निम्म्याहून जास्त काळजीची नावं दरवर्षी या उशिरा आलेल्यांची असतात.

त्यांच्यासाठी मी एक साधी गोष्ट करते. उशिरा आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी वर्गातल्या कोणा एकाच्या ताब्यात देते. हुशार मुलाच्या नाही. हुशार मुलं वही देतात आणि विसरतात. बडबड्या मुलाच्या ताब्यात. तो त्याला कॅन्टीन दाखवतो, वर्कशॉपचा ॲप्रन कुठे मिळतो ते सांगतो, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं कशी घासाघीस करून घ्यायची ते शिकवतो आणि प्रत्येक सरांची नक्कल करून दाखवतो. नकलेत माझाही नंबर लागतो हे मला ठाऊक आहे.

भाषेबद्दल फार बोललं जातं, म्हणून थोडक्यात सांगते. अकरावी-बारावी इंग्रजीतून केलेली मुलंही इंग्रजी वाचतात, ऐकून समजून घेतात, पण प्रश्न विचारताना अडतात. डोक्यात वाक्य जुळवेपर्यंत मी पुढच्या पायरीवर गेलेली असते. मी वर्गात सांगून टाकलंय की प्रश्न मराठीत विचारा, हिंदीत विचारा, चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवा. चिठ्ठ्या येतात. त्यातल्या काहींत गणिताचा प्रश्नच नसतो. ‘मॅम, ब्रँच बदलता येईल का?’ ‘मॅम, आज मला घरी जायचंय.’

घराची आठवण ही कॉलेजच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. हॉस्टेलच्या जागा थोड्या, मग पेठांत आणि कॉलेजच्या आसपासच्या सोसायट्यांत कॉट बेसिसवर राहायचं. एका खोलीत चार पलंग, चौघं चार कॉलेजांचे, चार वेळापत्रकांचे. मेसचं महिन्याचं कार्ड. रविवारी दुपारी फीस्ट असते, रविवारी संध्याकाळी मेस बंद. घर सोडून आलेल्या मुलांच्या तोंडून मी सगळ्यात जास्त कशाबद्दल ऐकलं असेल तर ते या रविवार संध्याकाळबद्दल. सोमवारी पहिल्या तासाला हजेरी सर्वात कमी असते, यात मला नवल वाटत नाही.

याउलट विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या वसतिगृहांतून येणारी मुलं सहसा अशी गायब होत नाहीत. डॉ. अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये सुरू केलेली ही संस्था ग्रामीण भागातल्या गरजू मुलांना राहण्या-जेवणाची सोय देते, आणि तिथे मुलांच्या वाट्याला कामंही येतात. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेतल्या मुलांचंही तसंच. पैशांची मदत तर होतेच, पण मला वाटतं त्याहून मोठी गोष्ट ही की ताटावर मूल दिसलं नाही तर कुणीतरी विचारतं. कॉट बेसिसवरच्या खोलीत एखादा दोन दिवस पांघरूण घेऊन पडून राहिला तर बाकीच्या तिघांना वाटतं, झोपला असेल.

मुलींचं थोडं वेगळं असतं. त्या तास बुडवत नाहीत. तोंड लपवायचं तर त्या पहिल्या बाकावर बसून लपवतात. वही सुबक, शीर्षकाला रंगीत पेन, फळ्यावरचं शब्दन्‌शब्द उतरवलेलं, आणि समजलेलं शून्य. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क शासनाने पूर्ण माफ केलं, त्याआधी ते निम्मं माफ होतं. फार चांगलं झालं. पण राहण्या-जेवणाचा खर्च राहतोच, आणि ‘फी माफ झाली म्हणून पाठवलंय, नापास झालीस तर परत ये’ हे वाक्यही सोबत येतं. अशा मुलीची हजेरी शंभर टक्के असते आणि जीएफएमच्या फाइलीत तिच्या नावापुढे काहीच लाल नसतं. तिला ओळखायचं तर वही मिटायला लावून एक उदाहरण करायला सांगावं लागतं.

2021 ची तुकडी माझ्या कायम लक्षात राहील. त्यांची बारावीची परीक्षा कोविडमुळे रद्द झाली होती. घरात बसून, मोबाइलच्या पडद्यावर बारावी काढलेली ही मुलं. आमच्याकडे लेखी पेपर आला तेव्हा दुसऱ्या तासाला हात चोळणारी मुलं मी वर्गभर पाहिली. सराव नसल्याने बोटं दुखत होती. गणित येत असून हात चालत नाही म्हणून पेपर अर्धा राहिला, असं सांगत रडणारी मुलं त्याआधी मी पाहिली नव्हती. त्या वर्षी आम्ही अभ्यासक्रमाचा थोडा भाग झरझर उरकला आणि मुलांना नुसतं लिहायला बसवलं. कुणी काही म्हटलं नाही, कारण सगळ्याच विषयांत तेच चाललं होतं.

सीनिअर मुलांबद्दल माझं मत थोडं अप्रिय आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, यूजीसीचे 2009 चे नियम आहेत, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतलं जातं. हे सगळं हवंच, त्यात तडजोड नको. पण त्याच्या अंमलबजावणीचा सोपा मार्ग म्हणून पहिल्या वर्षाची इमारतच वेगळी काढायची आणि वरच्या वर्गाच्या मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही, यात एक मोठी गोष्ट हरवली. पूर्वी ड्रॉइंगचा ड्राफ्टर, जर्नलं, ‘या सरांच्या ओरलला काय विचारतात’ ही माहिती, सगळं सीनिअरकडून हातोहात खाली यायचं. ‘माझीसुद्धा एमवनला केटी लागली होती’ हे वाक्य दुसऱ्या वर्षाच्या मुलाने म्हटलं तर त्याचा जो परिणाम होतो, तो माझ्या तासभराच्या समुपदेशनाने होत नाही. म्हणून मी माझ्या जुन्या मुलांना ट्युटोरियलला बोलावते, माझ्यासमोर, दिवसाउजेडी. पहिल्या नंबरातल्यांना नव्हे, एटीकेटी घेऊन, म्हणजे विषय राहिलेला असताना, पुढे गेलेल्यांना.

दिवाळीनंतर वर्ग ओळखू येत नाही. इनसेमचे गुण घरी कळलेले असतात, बोलणी खाऊन झालेली असतात आणि गंमत म्हणजे त्यामुळे पुष्कळांच्या मनावरचं ओझं उतरलेलं असतं. लपवायचं होतं ते उघडं पडलं, आता निदान शिकता येईल. एका वडिलांनी तर दिवाळीनंतर मुलाला सोबत घेऊनच नांदेडहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी आठला माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. चिवड्याचा डबा आणि विनंती, ‘मॅडम, हाणा त्याला, पण पास करा.’ मुलगा खाली मान घालून हसत होता. तो हसतोय हे बघून मला बरं वाटलं.

सगळेच काही दिवाळीनंतर सावरत नाहीत. एक मुलगा सत्र संपायच्या आत गावी परत गेला आणि पुढच्या वर्षी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला बसला. आमच्या नोंदीत तो गळती म्हणून गेला. मला मधूनमधून त्याचा मेसेज येतो. तिथे तो मजेत आहे, त्याला इंजिनीअरिंग कधी करायचंच नव्हतं. आणि काही मुलांचं दुखणं लाजेच्या पलीकडचं असतं. झोप नाही, जेवण नाही, डोळ्याला डोळा देत नाहीत. तिथे मी माझं गणिती शहाणपण बाजूला ठेवते आणि समुपदेशकाकडे स्वतः सोबत घेऊन जाते. नुसतं ‘जाऊन ये’ म्हटलं तर कुणी जात नाही. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मुलांच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावते.

गेल्या वर्षी विभागाच्या बैठकीत मी एक मागणी ठेवली. शिकवणं सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटांची एक चाचणी घ्यावी, तिचे गुण कुठेही धरू नयेत, आणि पेपर तपासून त्याच तासाला परत द्यावेत. उशिरा आलेल्यांसाठी ती पुन्हा घ्यावी. हजेरी घसरल्यावर पालकांना छापील पत्र पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, असंही म्हटलं. सगळ्यांनी कल्पना चांगली आहे असं सांगितलं. मग कुणीतरी विचारलं, हे वर्कलोडमध्ये कसं दाखवायचं? अभ्यासक्रमाचा नवा 2024 चा पॅटर्न आलेला, क्रेडिटची गणितं कुणालाच धड जुळत नव्हती, त्यात बिनगुणांची परीक्षा कुठे बसवणार? गुण नाहीत म्हटल्यावर मुलं ती गांभीर्याने देतील का, असाही प्रश्न आला. गुण नाहीत म्हणूनच देतील, असं मी म्हटलं, पण तोवर चहा आला होता.

ठरलं असं की मी ती माझ्या तुकडीपुरती घ्यावी, वेळापत्रकाबाहेर. शनिवारी घेऊन पाहिली, तर निम्मा वर्ग एसटीने गावाला गेलेला. आता शुक्रवारी चारला घेते, बॅगा पाठीला लावूनच मुलं बसतात. साडेचारला शेवटचा पेपर परत दिला की पाचची गाडी मिळते.